शनिवार-रविवारचे ल्यों आणि शिकाऊ फ्रेंच : वाचकांचे प्रश्न

फ्रान्समध्ये राहून फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची, एका आईची आणि एका शिक्षकांची पत्रे या वेळी आली आहेत. आठवडाभर वर्गात बसल्यानंतर शनिवार-रविवारी जवळच्या शहराची सहल करायची तर ती कशी करावी, हा सगळ्या पत्रांचा रोख आहे. बहुतेकांच्या मनात ल्यों शहर आहे. मी स्वतः ग्रेनोब्लमध्ये फ्रेंच शिकत असताना अनेक शनिवार-रविवार याच शहरात घालवले, म्हणून उत्तरेही त्या शहराला धरूनच देते.

प्रश्न : आम्ही सहा जण चार महिन्यांच्या भाषावर्गासाठी ग्रेनोब्लला आलो आहोत. भाषाज्ञानाच्या युरोपीय मापात आमची पातळी ए-टू (प्राथमिक) आणि बी-वन (मध्यम) यांच्या मध्ये कुठेतरी आहे. शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत यायचे आहे. ल्योंमधल्या अठरा ठिकाणांची यादी तयार केली आहे. त्यातले काय ठेवावे आणि काय वगळावे?

उत्तर : यादीतली निम्म्याहून अधिक नावे आजच खोडून टाका. अठरा ठिकाणे दोन दिवसांत पायाखालून जातीलही. पण त्या धावपळीत तुम्ही एकमेकांशी मराठीत बोलाल, रस्ता फोनला विचाराल, तिकिटे यंत्रातून काढाल, आणि रविवारी रात्री गाडीत बसल्यावर लक्षात येईल की दोन दिवसांत दहा वाक्येसुद्धा फ्रेंचमध्ये बोलून झाली नाहीत. तुम्ही घरदार सोडून तिथे राहिला आहात ते भाषेसाठी. तेव्हा एखादे ठिकाण यादीत ठेवायचे की नाही, हे ठरवताना एकच गोष्ट पाहा : तिथे कुणाशी तरी बोलल्यावाचून काम अडते का? अडत असेल तर ते ठिकाण ठेवा.

ग्रेनोब्लहून ल्योंच्या पार-द्यू स्थानकापर्यंत प्रादेशिक रेल्वेने, म्हणजे तेअेरने, सुमारे दीड तास लागतो. या गाडीला आसन राखून ठेवावे लागत नाही, त्यामुळे सकाळी एक गाडी चुकली तरी दिवस वाया जात नाही. शहरात उतरल्यावर मेट्रो, ट्राम, बस आणि डोंगरावर जाणारी दोरीची गाडी या सर्वांना चालणारे 24 किंवा 48 तासांचे तिकीट घ्यावे. ते खिडकीवर जाऊन मागावे. यंत्रातून काढलेले तिकीट तुम्हाला काहीही शिकवत नाही.

शनिवार क्र्वा-रूसच्या टेकडीला द्या. ल्योंमध्ये रोन आणि सोन या नद्यांचा संगम होतो, आणि शहराकडे पाहणाऱ्या दोन टेकड्यांना तिथले लोक ‘प्रार्थना करणारी टेकडी’ आणि ‘काम करणारी टेकडी’ असे म्हणतात. क्र्वा-रूस ही कामाची टेकडी. एकोणिसाव्या शतकात इथे रेशीम विणणाऱ्यांची वस्ती होती. त्यांना ‘कान्यू’ म्हणतात. झोझेफ-मारी झाकार हा ल्योंचाच माणूस. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर चालणारा त्याचा माग उंच असल्यामुळे इथल्या घरांची छते सुमारे चार मीटर उंचीवर आहेत, आणि उजेड हवा म्हणून खिडक्याही तशाच लांबलचक आहेत. एकदा हे कळले की रस्त्यावरून नुसते वर पाहत गेले तरी घर कोणासाठी बांधले होते ते ओळखता येते. मजुरीचा किमान दर ठरवून मिळावा म्हणून या विणकरांनी 1831 मध्ये उठाव केला आणि 1834 मध्ये पुन्हा केला. युरोपच्या कामगार चळवळीच्या इतिहासात या दोन्ही उठावांना मानाचे स्थान आहे.

तिथल्या विणकर-संग्रहालयात, म्हणजे ‘मेझों दे कान्यू’मध्ये, माग चालवून दाखवतात. तिथे जाताना माहितीफेरी फ्रेंचमधलीच घ्या, ही माझी आग्रहाची विनंती आहे. पहिल्या पाच मिनिटांत अर्धे शब्द डोक्यावरून जातील. पण माग सुरू झाला, धोटा इकडून तिकडे गेला आणि लाकडावर लाकूड आपटले, की ज्या वाक्यातला एकही शब्द आधी ओळखीचा नव्हता ते वाक्य समोरच्या हालचालीमुळे उलगडते. मागाच्या आवाजाला ल्योंच्या बोलीत ‘बिस्तांक्लाक’ म्हणतात. तो शब्द मी तिथे, तो आवाज कानात घुमत असताना ऐकला, आणि इतक्या वर्षांत तो मला कधी आठवावा लागलेला नाही. (संग्रहालयाच्या वेळा निघण्यापूर्वी तपासा. शनिवारी जाण्याचे कारण हेच की रविवारी इथले पुष्कळ काही बंद असते.)

टेकडीच्या माथ्यावरच्या हमरस्त्यावर सकाळी बाजार भरतो, तो आधी करा. त्याच रस्त्याच्या टोकाला ‘ग्रो काय्यू’ नावाचा प्रचंड धोंडा आहे. 1861 मध्ये या टेकडीत बोगदा खणताना तो सापडला. तो मुळात आल्प्समधला, हिमनदीने वाहून आणलेला. म्हणजे तुम्ही ज्या डोंगरांच्या पायथ्याशी शिकत आहात तिकडचाच. तिथून ‘म्यूर दे कान्यू’ ही 1200 चौरस मीटरची चित्रित भिंत पायी गाठता येते. ती 1987 मध्ये प्रथम रंगवली आणि नंतर वेळोवेळी नव्याने रंगवताना तिच्यातली माणसेही वयाने वाढवली. भिंतीसमोर उभ्या असलेल्या एखाद्या आजोबांना ‘पूर्वी ही भिंत कशी होती?’ एवढे विचारा. भूतकाळाचे जे रूप तुम्ही वर्गात पंधरा दिवस घोकता, ते आजोबा दहा मिनिटे अखंड वापरून दाखवतील.

रविवार सोन नदीच्या काठाने सुरू करा. सें-आंत्वानच्या धक्क्यावर सकाळी बाजार भरतो आणि दुपारी एकच्या सुमारास आवरू लागतो, तेव्हा उशीर करू नका. तिथून पूल ओलांडला की जुने ल्यों. प्रबोधनकाळातली ही वस्ती 1964 मध्ये फ्रान्समधला पहिला ‘संरक्षित विभाग’ म्हणून घोषित झाली, आणि 1998 मध्ये जुन्या शहराचा मोठा भाग जागतिक वारशाच्या यादीत आला. इथली खरी मौज म्हणजे ‘त्राबूल’ : एका रस्त्यावरच्या घराच्या दारातून शिरायचे, चौक, जिने, बोळ ओलांडायचे आणि दुसऱ्याच रस्त्यावर बाहेर पडायचे. यावरून ल्योंकरांनी ‘त्राबूले’ असे क्रियापदही केले आहे. सर्वांत लांब त्राबूल र्यू सें-झांवरील 54 क्रमांकाच्या दारातून सुरू होते आणि र्यू द्यु बफवरील 27 क्रमांकाच्या दारातून बाहेर पडते.

त्या दारापुढे पुष्कळ लोक घुटमळतात, कारण ते एखाद्याच्या राहत्या घराचे असते तसेच बंद दार असते. दार ढकलून पाहा. उघडले नाही तर बाजूच्या घंटांच्या पाटीवर एक वेगळे बटण असते, ते दाबा. आत शिरताच उन्हातून एकदम गार अंधारात आल्यासारखे होते. दगडी कमान, भिंतीला टेकवलेली सायकल, टपालपेट्यांवर नावे, वरच्या मजल्यावरून येणारा भांड्यांचा आवाज. इथे माणसे राहतात. नगरपालिका आणि घरमालक यांच्यात करार असल्यामुळे तुम्हाला वाट मिळते, आणि त्या बदल्यात देखभालीला नगरपालिका हातभार लावते. म्हणून आत हळू बोला, आणि समोरून कोणी आले तर ‘बोंझूर’ म्हणा. मी एकदा असे म्हटले तेव्हा पिशव्या घेऊन जिना चढणाऱ्या बाई थांबल्या आणि पुढचे दार कुठे आहे ते सांगू लागल्या. शेवटी त्यांची एक पिशवी माझ्या हातात आली आणि दोन मजले आम्ही बोलत चढलो.

दुपारनंतर फुर्व्हिएरला, म्हणजे प्रार्थनेच्या टेकडीवर जा. वर नेणाऱ्या दोरीच्या गाडीला ल्योंचे लोक ‘फिसेल’, म्हणजे सरळ ‘दोरी’च म्हणतात. वरचे मोठे चर्च 1872 पासून बांधले गेले; ते पाहाच, पण वेळ द्यायचा तो शेजारच्या रोमन अवशेषांना. इ. स. पूर्व 43 मध्ये रोमनांनी इथे लुगदूनुम ही वसाहत स्थापली. सुमारे 10,000 प्रेक्षक बसतील एवढे त्यांचे नाट्यगृह टेकडीच्या उतारावर उघडे आहे आणि त्याला तिकीट नाही. शेजारच्या संग्रहालयात काशाचा एक पत्रा आहे, त्यावर सम्राट क्लॉडियसचे भाषण कोरलेले आहे. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या प्रदेशातल्या, प्रतिष्ठितांना रोमच्या सिनेटमध्ये घ्यावे, असे त्याने त्या भाषणात मांडले होते. आणि क्लॉडियस स्वतः ल्योंचाच जन्मलेला. हा पत्रा 1528 मध्ये सापडला. लॅटिनमधून फ्रेंच कशी उतरली, हे वर्गात ऐकले असेल तर त्याच्यासमोर पाच मिनिटे उभे राहून ओळखीचे शब्द शोधा. बरेच सापडतील.

एवढे दोन दिवसांसाठी पुरे आहे. मोंप्लेझीर या भागातल्या, चित्रपटाचे जनक मानल्या जाणाऱ्या ल्यूमिएर बंधूंच्या घराला मी या यादीत मुद्दाम घेतलेले नाही. कारखान्याच्या फाटकातून कामगार बाहेर पडतानाचे त्यांचे 1895 चे चित्रीकरण त्याच आवारात झाले, आणि जुन्या छपराचा जो भाग उरला आहे तिथे आता चित्रपटगृह आहे. ते एका वेगळ्या शनिवारचे काम आहे. ग्रेनोब्लहून तुम्ही पुन्हा सहज येऊ शकता.

प्रश्न : मी फ्रेंचमध्ये बोलायला सुरुवात केली की समोरची व्यक्ती लगेच इंग्रजीत उत्तर देते. माझे उच्चार इतके वाईट आहेत का? दर सहलीनंतर मी अधिकच गप्प होत चालले आहे.

उत्तर : तुमचे पत्र वाचून मन कळवळले, कारण मीही या गप्प होण्यातून गेले आहे. समोरचा माणूस इंग्रजीवर येतो तो बहुतेक वेळा तुम्हाला मदत करावी म्हणून किंवा त्याच्यामागे रांग उभी आहे म्हणून. तुमच्या उच्चारांना गुण द्यायला त्याला फुरसत नसते. अशा वेळी हसून एक वाक्य म्हणा : ‘ओं प्यू रेस्ते आं फ्रांसे? झाप्रां.’ म्हणजे आपण फ्रेंचमध्येच राहू या का, मी शिकते आहे. हे वाक्य न अडखळता येईपर्यंत खोलीत पन्नास वेळा म्हणा. माझा अनुभव असा की दहांतले आठ जण त्यानंतर सावकाश बोलू लागतात.

त्याही आधीची पायरी ‘बोंझूर’ची आहे. दुकानात, बसमध्ये, खिडकीपाशी, कुठेही आधी ‘बोंझूर मादाम’ किंवा ‘बोंझूर मस्यू’ म्हणायचे, क्षणभर थांबायचे, समोरून ‘बोंझूर’ आले की मगच काम सांगायचे. आपण मराठीत ‘अहो, जरा ऐकता का’ म्हणून थेट विषयावर येतो, त्यात काही उणे नाही; पण फ्रान्समध्ये अभिवादन गाळले तर पुढचे वाक्य व्याकरणात कितीही शुद्ध असले तरी उद्धट ठरते. अनोळखी माणसाला नेहमी ‘व्हू’च म्हणावे, ‘त्यू’ कधीही नाही. आपल्याला ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांतला फरक जन्मापासून ठाऊक असल्यामुळे हे मात्र आपल्याला सोपे जाते.

जागाही निवडून घ्या. जिथे सगळे पर्यटकच येतात त्या तिकीट खिडकीवर इंग्रजी येणारच. बाजारात तसे होत नाही. सें-आंत्वानच्या धक्क्यावर जून महिन्यात चेरी घेताना माझ्या शेजारी एक विद्यार्थिनी उभी होती. तिला अर्धा किलो हवा होता. फ्रेंच बाजारात अर्ध्या किलोला ‘यून लिव्र’ म्हणतात, आणि ‘लिव्र’ हाच शब्द पुल्लिंगी झाला की त्याचा अर्थ पुस्तक. ती ‘अं लिव्र’ म्हणाली. विक्रेत्या बाईंनी चेरी तोलत तोलत फक्त ‘यून लिव्र, व्हुआला’ असे म्हटले, ‘यून’वर किंचित जोर दिला आणि पिशवी पुढे केली. मुलगी ‘यून लिव्र, मेर्सी’ म्हणाली. झाली दुरुस्ती. नामाच्या लिंगाचा तो धडा पुस्तकातल्या चार पानांनी झाला नसता.

लगेच पुढे त्या बाईंनी विचारले, ‘ए आव्हेक सःसी?’ आणि मुलगी पुन्हा गोंधळली. ‘याबरोबर आणखी काय देऊ?’ असा त्याचा अर्थ. हे वाक्य फ्रान्समधल्या प्रत्येक दुकानात दिवसभर ऐकू येते, पण पहिल्या पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटते. त्याचे उत्तर, ‘स सरा तू, मेर्सी’, म्हणजे ‘बस, एवढेच’. ही जोडी पाठ करून जा, आणि दर वेळी एकटीने जा. मैत्रीण बरोबर असली की अवघड वाक्य तिच्याकडे सरकवण्याचा मोह होतो.

प्रश्न : आम्ही दोघी शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. ल्यों खाण्यासाठी प्रसिद्ध आहे म्हणतात. आमची सोय होईल का?

उत्तर : होईल, मात्र विचारून खावे लागेल. ल्योंच्या पारंपरिक खाणावळींना ‘बूशों’ म्हणतात आणि त्यांचा सगळा नावलौकिक मांसाच्या पदार्थांवर, विशेषतः डुकराच्या मांसावर आणि आतड्यांवर उभा आहे. नावावर विसंबू नका. ‘सालाद ल्योनेझ’ ऐकायला कोशिंबिरीसारखे वाटते, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडे असते. ‘कनेल’मध्ये बहुधा मासा असतो. कांद्याचे सूप पुष्कळदा मांसाच्या रसात शिजवतात. याउलट ज्याचे नाव ऐकून तुम्ही दचकाल, ती ‘सेर्वेल द कान्यू’, शब्दशः ‘विणकराचा मेंदू’, म्हणजे ताजे मऊ चीज, त्यात बारीक चिरलेला कांदा, हिरवी पाने, तेल आणि व्हिनेगर. कधी त्यात थोडी पांढरी वाईनही घालतात, तेव्हा ती चालत नसेल तर विचारा. बटाटा आणि सायीचे ‘ग्रातें दोफिन्वा’ तुमच्या ग्रेनोब्लकडचेच आहे. त्यात काही ठिकाणी अंडे घालतात. गुलाबी प्रालीनचे, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचे, ‘तार्त’ खिडकीत फार सुंदर दिसते, पण त्याच्या तळाच्या पिठात अंडे आहे का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. चीजच्या बाबतीत जे काटेकोर आहेत त्यांनी ‘प्रेझ्यूर’ हा शब्द लक्षात ठेवावा : दूध फाडण्यासाठी वापरायचे ते विरजण, आणि पारंपरिक चीजमध्ये ते वासराच्या जठरातून घेतलेले असते.

म्हणायचे वाक्य असे : ‘झ न मांझ नी व्ह्यांद, नी प्वासों, नी अ.’ मांस, मासे, अंडी यांपैकी काही खात नाही. यातल्या अंड्याची एक गंमत सांगते. एकवचनात शेवटचा ‘फ’ उच्चारतात, अनेकवचनात तो गाळतात. म्हणून एक अंडे ‘अफ’ आणि अनेक अंडी नुसती ‘अ’. नुसते ‘व्हेजेतारिएन’ म्हटले तर काही जण मासा पुढे आणतात, म्हणून पूर्ण वाक्यच म्हणा. पाणी विकत घेऊ नका. ‘यून काराफ दो’ मागितले की जेवणाबरोबर नळाच्या पाण्याची सुरई विनामूल्य मिळते. आणि रविवारी संध्याकाळी अनेक बूशों बंद असतात, त्यामुळे सकाळच्या बाजारातून पाव, फळे आणि टोमॅटो घेऊन ठेवलेले बरे.

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची आहे. तिची भाषाशाळा पंधरा दिवसांनी बसने सहल नेते. तिला मात्र दोन मैत्रिणींबरोबर रेल्वेने स्वतः जायचे आहे. मी होकार द्यावा का?

उत्तर : ताई, पहिली सहल शाळेच्या बसने होऊ द्या आणि पुढच्या तिला स्वतः करू द्या. आमच्या वेळच्या एका सामूहिक सहलीत चाळीस विद्यार्थी होते, मार्गदर्शक सगळ्यांना समजावे म्हणून इंग्रजीत बोलत होते, आणि दिवसभरात फ्रेंच ऐकली ती स्वच्छतागृहाच्या रांगेत. बसच्या सहलीतून शहराची ओळख होते, रस्ते कळतात. बोलणे येते ते गाडी चुकल्यावर, फलाट बदलल्यावर, खोलीची किल्ली चालेनाशी झाल्यावर.

तुमची काळजी रास्त आहे, म्हणून एवढे तिच्याकडून करून घ्या. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवायचे आणि तिच्या आधीच्या गाडीने निघायचे. पासपोर्ट जवळ, त्याची छायाप्रत पिशवीत वेगळी. मोठ्या स्थानकांवर आणि गर्दीच्या मेट्रोमध्ये फोन मागच्या खिशात ठेवायचा नाही. संकटात 112 हा क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात चालतो. ती वर्षभर राहणार असेल आणि लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांनी फिरणार असेल, तर 12 ते 27 वर्षांच्या प्रवाशांसाठी फ्रेंच रेल्वेचे 49 युरोचे सवलतपत्र दोन-तीन प्रवासांत वसूल होते. आणि दर तासाला फोन करू नका, ही माझी कळकळीची विनंती. मराठीतला प्रत्येक फोन तिला मनाने घरी आणतो.

प्रश्न : ल्योंपर्यंत आलोच तर जिनिव्हाही उरकावे का? माझ्याकडे फ्रान्सचा विद्यार्थी व्हिसा आहे.

उत्तर : स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी 2008 पासून शेंगेन क्षेत्रात आहे. फ्रान्सचा वैध दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल आणि आल्यानंतर तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन नोंदवून वैध करून घेतला असेल, तर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत तुम्ही तिथे फिरू शकता. पासपोर्ट मात्र जवळ हवाच. चलन फ्रँक, फोनचे युरोपीय पॅकेज तिथे चालेलच असे नाही, आणि खर्च फ्रान्सपेक्षा बराच अधिक.

ल्योंहून रेल्वेने सुमारे दोन तास लागतात. म्हणून त्याच शनिवार-रविवारात ते बसवू नका. स्वतंत्र दिवस काढून गेलात तर मात्र एक गोष्ट कान देऊन ऐका : फ्रान्समध्ये सत्तरला ‘साठ-दहा’ आणि नव्वदला ‘चार-वीस-दहा’ म्हणतात, तर जिनिव्हात सरळ ‘सेप्तांत’ आणि ‘नोनांत’. फ्रेंच आकड्यांना कंटाळलेल्या विद्यार्थ्याला तिथे पहिल्या दुकानात हायसे वाटते.

प्रश्न : मी फ्रेंचचा शिक्षक आहे. चौदा विद्यार्थ्यांना तीन आठवड्यांसाठी ल्योंजवळ घेऊन जात आहे. पातळी ए-वन ते ए-टू. शहराच्या सहलीसाठी प्रश्नपत्रिका तयार करत आहे : वास्तू कधी बांधली, कोणी बांधली, उंची किती, अशी. आणखी काय घालावे?

उत्तर : सर, तुमची तळमळ पत्रातून दिसते, म्हणून मोकळेपणाने लिहिते. ही प्रश्नपत्रिका घरीच ठेवावी. तिची उत्तरे पाटीवरून उतरवता येतात, आणि मुले तेच करतील. त्याऐवजी सात जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला एकेक काम द्या, जे दुसऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय पुरे होणारच नाही. एका जोडीने बाजारात तीन प्रकारच्या चीजची चव मागून घ्यावी आणि त्यातले मऊ कोणते, तिखट कोणते हे विक्रेत्याच्या शब्दांत सांगावे. दुसरीने परतीच्या गाडीचा फलाट खिडकीवर विचारून यावा. तिसरीने सगळ्यांसाठी, तुमच्यासकट, पंधरा पाव सांगावेत, आणि किंमत ऐकून लिहावी, पडद्यावर वाचून नव्हे. चौथीने गिन्योल या ल्योंच्या बाहुल्याविषयी (एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो इथेच जन्मला) एखाद्या दुकानदाराला विचारावे की त्याचा मित्र कोण आणि तो कोणाला बडवतो. जोडीतल्या एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकून घ्यायचे, आणि पुढच्या कामाला अदलाबदल. अबोल मुलगा आणि बोलकी मुलगी अशी जोडी करू नका. अबोल दोघांना एकत्र ठेवा, म्हणजे त्यांतल्या एकाला तोंड उघडावेच लागते.

देल्फ या फ्रेंच भाषेच्या अधिकृत परीक्षेत, ए-टू पातळीच्या तोंडी भागात तिसरा भाग संवादाचा असतो : खरेदी करणे, माहिती विचारणे, सहलीचे ठरवणे. तुमची मुले त्या दिवशी तेच करत असतील, म्हणून पालकांनी ‘सहलीत अभ्यास काय झाला’ असे विचारले तर तुमच्याकडे नेमके उत्तर आहे.

दुपारी तीनच्या सुमारास सर्वांना प्लास दे तेरोमध्ये, बार्तोल्दीच्या कारंज्यापाशी गोळा करा. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा घडवणारा तोच हा शिल्पकार, एवढे सांगितले तरी पुरे. मग प्रत्येक जोडीने घडले ते दोन मिनिटांत फ्रेंचमध्ये सांगायचे. चुका तिथे दुरुस्त करू नका. वहीत टिपून ठेवा आणि सोमवारी वर्गात, कोणाची कोणती हे न सांगता फळ्यावर लिहा.

एक काम मात्र सातही जोड्यांना सारखेच द्या. प्रत्येकाने पाठ्यपुस्तकात नसलेला, ल्योंचाच असा एक शब्द कुणाकडून तरी मिळवून आणायचा. कोणी ‘गोन’ आणेल, म्हणजे लहान मूल. कोणी ‘फिसेल’ आणेल. शरद ऋतूत गेलात तर क्र्वा-रूसची जत्रा भरलेली असेल आणि ‘व्होग’ हा शब्द मिळेल. शब्दाबरोबर तो कोणी सांगितला, ती व्यक्ती काय करत होती आणि तुम्ही तिला नेमके काय विचारले, हेही वहीत लिहून आणायला सांगा.